तुमचा हिरवा डबा मी काढला

अहो चिनूचे आजोबा,

सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल सांगा? तुमच्या बहीणबाई! काल खंडेनवमी, मी अजून दारात रांगोळीला वाकलेली, आणि यशवंतपूरहून रिक्षा करून तारावन्सं हजर. हातात शेवंतीची माळ, तोंडात पान. "वहिनी, कोहळा आणलात ना?" हा पहिला प्रश्न. कशा आहात, बऱ्या आहात का, हे नंतर. त्यांच्या मागोमाग पलीकडच्या घरातली जयम्मा, चुरमुऱ्याची पिशवी घेऊन. "अक्का, फराळाला काय केलंय?" हिचं आपलं सरळ असतं.

हे सगळं तुम्हाला का लिहिते म्हणाल, तर वन्सं जाताना तुमच्या फोटोपुढं उभ्या राहून गाऱ्हाणं घालून गेल्यात. "अण्णा, बघ रे तुझ्या घरात काय चाललंय! तुझ्या हातचा डबा भिंतीवरनं उतरवला." मुद्दाम मोठ्यानं, मला स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून. आता तुम्ही जन्मभर बहिणीचंच आधी ऐकत आलात. मग म्हटलं, माझीही बाजू तुमच्यापर्यंत पोचलेली बरी. आज दसरा. जेवणं झालीत, सगळे लवंडलेत, म्हणून कागद घेऊन बसले. माझी शाळा कन्नड, तीही तिसरीपर्यंतची. ही मराठी अक्षरं तुम्हीच लग्नानंतर गिरवून घेतलीत, तेव्हा वाकडीतिकडी दिसली तर गुरूला दोष!

तर डबा.

वायफायच्या मशीनवर तुम्ही केलेला तो हिरवा डबा. किती खपला होतात हो त्याच्यावर! कारखान्यातनं निवृत्त झालात तरी पत्रा दिसला की तुमचे हात शिवशिवायचे. जुन्या मशीनच्या खोक्यात पाल शिरली, मेली, आणि आठवडाभर घरात वास कुठून येतो ते कुणाला कळेना. झालं, तुम्हाला निमित्त मिळालं. पत्रा कापला, वाकवला, रिबिटा मारल्या, बिजागरीचं झाकण केलं, हवा जायला बारकी भोकं पाडली, तीसुद्धा फुलाच्या आकारात. वर कारखान्यातल्यासारखा हिरवा रंग. आणि मला हाक मारलीत, "कसा झालाय?" मी म्हटलं, "बरा आहे. भात वाढू का?"

काय बाई मी तरी! दोन शब्द चांगले बोलायला काय झालं होतं? मला काय ठाऊक, ते तुमचं शेवटचं काम ठरणार म्हणून? आठवडाही गेला नाही आणि तुम्ही दवाखान्यात.

पण खरं सांगू? तुमचं हे डब्यांचं वेड काही नवीन नव्हतं. मिक्सरला डबा, शिलाई मशीनला डबा, आणि ती दारावरची बेल आठवते का? पावसानं खराब होते म्हणून तिलाही डबा केलात. मग पुण्याचे व्याही पहिल्यांदा घरी आले ते बाहेर उन्हात बेल दाबत उभे, आणि आपण आत पंख्याखाली त्यांची वाट बघत बसलेलो! शेवटी जयम्मानं भिंतीवरून हाक मारली तेव्हा कळलं. तरी तुमचं काय म्हणणं? "बेल नीट वाजतेय. तुमचे कान गेलेत." व्याहीबुवांचेही कान गेले होते काय हो?

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माणूस गेलं की त्याच्या वस्तूला मान येतो. तो डबा भिंतीवर होता म्हणजे तुम्ही हॉलमध्ये होतात, असं झालं होतं मला. आंघोळ झाली, देवाला फूल वाहिलं, की मी त्या डब्यावरून हात फिरवायची. आपला मोहन बँकेत कामाला जाताना त्याच्याकडे बघून निघायचा. अगदी अडल्याशिवाय कुणी झाकण उघडायचं नाही.

आणि इकडे सून माझी हैराण.

पूर्वाची खोली मागच्या बाजूला, तुम्हाला माहीतच आहे. तिथे टेबल मांडून दिवसभर ऑफिसचं काम. आमच्या कानावर दिवसभर एकच मंत्र. "आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का? हॅलो, तुम्ही फ्रीझ झालात." जेवायला बसली तरी तोंडावर तीच काळजी. चिनूनं तर भातुकलीत हेच सुरू केलं. बाहुलीला घास भरवते आणि विचारते, "आवाज येतोय का?"

काय काय केलं नाही! मोहननं नेटची कंपनी बदलली. नवीन मशीन आलं, तेही तुमच्याच डब्यात नीट बसलं, जणू मापच घेतलेलं. मग पूर्वानं तिच्या खोलीच्या दाराशी भिंतीतल्या प्लगात खोचायचं एक पांढरं यंत्र आणलं. ते म्हणे इकडचं नेट उचलून तिकडे देतं. पण इथलंच अशक्त, तर ते बिचारं काय उचलणार? मोहन फोनवर कंपनीवाल्यांशी भांडायचा. ते म्हणायचे, मशीन बंद करून चालू करा. मी बंद करून चालू करण्यात इतकी पटाईत झाले की विचारू नका! डब्याशेजारच्या भिंतीतल्या बटणावरनंच व्हायचं ना ते, झाकण उघडायला लागायचंच नाही.

श्रावणात, तुमच्या वर्षश्राद्धानंतर, कंपनीचा माणूस आला. त्यानं आपला लॅपटॉप वायरनं जोडला, बघितलं, आणि म्हणाला, "लाईन सरी आहे अम्मा, फुल स्पीड येतोय." मग डब्याकडे बघून म्हणाला, "हे मात्र स्वल्प..." पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. वन्सं नेमक्या बसलेल्या होत्या. "त्याला हात लावायचा नाही हं! माझ्या अण्णानं केलंय ते." तो गरीब बिचारा "सरी अम्मा" म्हणून कॉफी पिऊन निघून गेला. बघा, आणि आता गाऱ्हाणं कोण घालतंय!

आता जे सांगते ते मी मोहनलासुद्धा कधी बोलले नव्हते.

एके दिवशी मी मागच्या वऱ्हांड्यात मिरच्या वाळत घालत होते. आतून पूर्वाचा आवाज आला, "इथे राहून जमणारच नाही मोहन. आपण फ्लॅट बघू." तिच्या साहेबानं सांगितलं होतं, घरचं नेट चालत नसेल तर रोज ऑफिसला या. ऑफिस शहराच्या पार त्या टोकाला. राजाजीनगरहून तिथे जायचं यायचं म्हणजे पोर सकाळी निघून चिनू झोपल्यावर परतणार. म्हणून ऑफिसजवळ फ्लॅट, आणि हे घर भाड्यानं. मागाहून मोहन मला म्हणाला, "तू पण चल ना आई." पण माझ्या कानात ते पहिलं वाक्यच बसलं होतं. इथे राहून जमणार नाही. इथे म्हणजे कुठे? इथे तर मीच असते की दिवसभर! कुकरच्या शिट्ट्या माझ्या, रेडिओ माझा, जयम्माशी भिंतीवरून गप्पा माझ्या. मला वाटलं, नेटचं नाव पुढे करतायत, नको झालेय ती मी.

तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं. मग मी काय केलं? रेडिओ बंद ठेवला. जयम्माशी हळू बोलायला लागले. ती म्हणते, "अक्का, घसा बसला का?" चिनू शाळेतून आली की तिला जवळ घेऊन बसायची आणि वाटायचं, आता थोडे दिवस. अहो, त्या पोरीला माझ्या पदराला धरून झोपायची सवय. त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटात कुणाचा पदर धरणार होती ती?

आणि मग काल खंडेनवमी आली.

गेल्या वर्षी आपल्याला सण नव्हता. तुम्ही गेलेलात, कोण यंत्रं पुजणार? या वर्षी मी ठरवलं, तुमच्या पद्धतीनं करायचं. तुमची पद्धत मी काय विसरणार! तुम्ही कारखान्यातही तेच करायचात आणि घरीही तेच. "यंत्राला कव्हर घालून पुजू नये. त्याला उघडं करा, पुसा, मग गंध लावा. बुरख्यातल्या देवाला नमस्कार पोचत नाही." हे तुमचंच वाक्य की नाही? आता नाही म्हणू नका, वन्संनीही कबूल केलंय.

मोहन चिनूला घेऊन केळीचे खुंट आणायला गेला होता. मी मिक्सर काढला, पुसला. शिलाई मशीन काढलं. तुमची पक्कड, हातोडी, पत्र्याची कात्री मांडली. मग आलं वायफाय. मी मागच्या खोलीशी जाऊन विचारलं, "पूर्वा, पूजेचं यंत्र आज वापरू नये. थोडा वेळ बंद करू का?" ती काकुळतीला येऊन म्हणाली, "आई प्लीज, आज नको! आज माझं प्रेझेंटेशन आहे. हे नीट झालं तर घरून काम करायची परवानगी राहणार, नाहीतर सोमवारपासून ऑफिस." डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. सणाचा दिवस, साडी नेसलेली, आणि तोंड उतरलेलं.

म्हटलं, बरं, बंद नाही करत. चालू असतानाच पुजते.

झाकण उघडलं. आत वायरीचं वेटोळं होतं, मोहननं तुमच्यासारखंच ठेवलेलं. वायर नेहमी दोन-चार हात जास्त ठेवावी, कधी कशाला लागेल सांगता येत नाही, हेही तुमचंच. मशीन न काढता, न तोडता, अलगद बाहेर घेतलं आणि पाटावर ठेवलं. पाट मांडला होता त्याच भिंतीखाली, पॅसेजच्या तोंडाशी. पुसलं, गंध लावलं, कुंकू लावलं, शेवंती वाहिली. वन्सं आरती म्हणायला लागल्या.

आणि जयम्मा म्हणाली, "अक्का, तुमची सून गप्प का? आज हॅलो हॅलो नाही?"

गप्प कुठली! आतून पूर्वा बोलत होती. सलग! "आवाज येतोय का" नाही, "हॅलो" नाही. मध्ये एकदा हसलीसुद्धा. वन्संनी आरती थांबवली आणि हात जोडले. "बघितलंत? पूजेचं बळ!"

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? भक्तिभावानं मशीन परत डब्यात ठेवलं, झाकण लावलं, वर एक फूल. आणि आतून, "हॅलो? हॅलो? सॉरी, माझा आवाज येतोय का?"

मी पुन्हा झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं. आत पूर्वा पुन्हा बोलायला लागली. वन्सं म्हणाल्या, "नारळ फोडायचा राहिला म्हणून असेल." जयम्मा खो खो हसायला लागली. "अय्यो ताराक्का! तुम्हाला पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं, तर तुमचा तरी आवाज येईल का बाहेर?"

वन्सं रागावल्या. पण मी तिथेच पाटाशी खाली बसले. डोळ्यांपुढे आली ती आपली बेल, आणि उन्हात उभे व्याहीबुवा. अहो, तुम्ही पुन्हा तेच केलं होतंत!

मी मशीन मांडीवर घेऊन बसले, कुंकू लावलेलं, लुकलुकणारं. वायर गच्च धरून. वन्संना सांगितलं, "आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही." वन्सं आणि गप्प! पण बसल्या हो. जयम्मा तोंडावर पदर धरून. अशा आम्ही तिघी म्हाताऱ्या जमिनीवर, आणि आत पोरगी कुणा परक्या मुलखातल्या साहेबांशी इंग्रजीत घडाघडा बोलतेय. एक अक्षर कळत नव्हतं मला, पण इतकं गोड कीर्तन मी कधी ऐकलं नाही.

मग दार उघडलं. पूर्वा बाहेर आली ती हसतच. "आई, झालं! ते हो म्हणाले! घरूनच काम, फक्त बुधवारी ऑफिस..." आणि तिची नजर गेली माझ्या मांडीकडे. मग भिंतीवरच्या उघड्या डब्याकडे. हसूच मावळलं.

"आई... तुम्ही डबा उघडलात?"

मी म्हटलं, "उघडला. त्याच्यामुळेच अडत होतं बघ तुझं सगळं. आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही."

ती मग माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सिग्नल पत्र्यातून नीट बाहेर येत नाही हो आई. मला सुरुवातीलाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कसं बोलणार? तुम्ही रोज आंघोळ झाली की त्याच्यावरून हात फिरवता. मी खोलीतून बघते ना. मी काय सांगू, अप्पांचा डबा काढा म्हणून? आणि तो त्यांनी माझ्या कामासाठी केला होता. मला म्हणाले होते, पूर्वा, आता पाल येणार नाही तुझ्या ऑफिसात."

ऐकताय का? ही पोर घर बदलायला निघाली, पण तुमच्या डब्याला नाव ठेवायला तिची जीभ रेटली नाही!

मी म्हटलं, "आणि मला एकटीला इथे ठेवून जाणार होतीस?"

"एकटीला? आई, तो फ्लॅट मी तीन खोल्यांचाच बघत होते. तुमची खोली बाल्कनीची. मोहन म्हणाला नाही का तुम्हाला?"

म्हणाला होता की! पण मी ऐकलंच कुठे? अहो, मी रेडिओ बंद ठेवून बसले होते! तिला वाटलं, मी दुःखात आहे म्हणून रेडिओ लावत नाही. मला वाटलं, तिला माझा त्रास होतो. एकाच घरात, एकाच कुकरचा भात खाऊन, दोघी आपापल्या मनात भलतंच शिजवत होतो. मग काय, रडलो थोड्या. हसलो जास्त. जयम्मानं दोघींच्या हातावर चुरमुरे ठेवले. "आधी खा, मग रडा." इतक्यात मोहन केळीचे खुंट घेऊन आला. आम्हाला सगळ्यांना जमिनीवर मशीनभोवती बसलेलं बघून म्हणाला, "काय, पूजा चाललीय की पंचायत?"

वन्संचं मात्र ऐका. "मग आता डबा मला द्या. अण्णाची आठवण." मी म्हटलं, "देणार नाही." पूर्वा म्हणाली, "तो माझा आहे आत्या, माझ्यासाठी केलेला." वन्सं फुगल्या, आणि तिथून ते फोटोपुढचं गाऱ्हाणं. आता कळलं ना सगळं? मी तुमचा डबा मोडला नाही, भंगारात दिला नाही. तुमच्याच नियमानं झाकण उघडलं. मशीन आता पॅसेजमध्ये उंच फळीवर बसलंय, उघडंबोडकं. आणि डबा जेवणाच्या टेबलावर आलाय. ही पूर्वाची युक्ती. पानं वाढली की सगळ्यांचे फोन त्यात आणि झाकण बंद. काल पहिल्यांदाच मोहननं जेवताना चिनूशी गप्पा मारल्या. कुरकुरला थोडा, पण वरण दोनदा मागून घेतलं.

हां, आणि उशिरानं का होईना, सांगते. डबा फार सुरेख झालाय. ती फुलाची भोकं तर काय! कारखान्यात असं काम कुणी करत नसेल. पाल तर सोडा, तुम्ही वायफायसुद्धा बाहेर पडू दिलं नाहीत!

आज सकाळपासून घरात रेडिओ चालू आहे. पूर्वाच म्हणाली, "आई, लावा ना, सुनं सुनं वाटतं." फ्लॅटवाल्याला मोहननं फोन करून नको म्हणून सांगितलं. मला तर पाठीवरचं धान्याचं पोतं उतरवल्यासारखं वाटतंय. चिनू आत्ता माझ्या पदराला धरूनच झोपलीय, म्हणून एका हातानं कागद दाबायचा आणि एका हातानं लिहायचं, असं चाललंय.

तुम्हाला एक शब्द देते. यापुढे मी भिंतीआडचं ऐकून मनात गाठी मारणार नाही. पूर्वाला जे विचारायचं ते तोंडासमोर विचारीन, आणि तिलाही विचारायला लावीन. मला रुसायफुगायची सवय तुम्हीच लावलीत, तुम्ही लगेच मनवायला यायचात ना. आता कोण येणार? तेव्हा ती सवय बंद.

वन्संची काळजी करू नका. रागावून चपला घालेपर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात त्यांच्या परदेशातल्या मुलाचा फोन आला. पूर्वानं मोठ्या लॅपटॉपवर लावून दिला. नातू रांगताना दिसला, कुठे अडकला नाही, कुठे थिजला नाही. त्याचे दोन दात वन्संनी तीनतीनदा बघितले, जयम्माला दाखवले, मला दाखवले, चपला काढून पुन्हा आत येऊन बसल्या. त्याचा पहिला वाढदिवस आहे, तिकडे केक कापणार आणि आम्ही इथे लॅपटॉपवर बघणार. जयम्मा म्हणाली, पायसम मी आणते. वन्सं म्हणाल्या, वहिनी, मी सकाळीच येते, पुढची खुर्ची माझी. दोघी येणार आहेत रविवारी.

तुमची,
चिनूची आजी